हास्यवायू आणि घातक रक्तक्षय

वेदनाशामक औषधांचा इतिहास आणि जीवनसत्त्वांच्या अभावाने जडणाऱ्या रोगांचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतो, कारण पहिल्याचा संबंध दंतवैद्य, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांच्याशी, तर दुसऱ्याचा आहार, रक्त आणि चेतासंस्था यांच्या अभ्यासकांशी असतो. नायट्रस ऑक्साइड या वायूच्या बाबतीत मात्र ही दोन प्रकरणे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. हास्यवायू या नावाने ओळखला जाणारा हा वायू दात काढताना, प्रसूतीच्या कळा सोसताना आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली पावणेदोनशे वर्षे माणसांच्या वेदना हलक्या करीत आला आहे. आणि हाच वायू शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी करून, त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रक्ताचा व मेरुरज्जूचा रोग धडधाकट माणसातही उत्पन्न करू शकतो. हा संबंध ध्यानात यायला वायूच्या पहिल्या वैद्यकीय वापरापासून १३४ वर्षे लागली. या दिरंगाईला तत्कालीन वैद्यांचे अज्ञान जितके कारणीभूत होते, त्याहून अधिक कारणीभूत होती ती वायू देण्याची पद्धत.

नायट्रस ऑक्साइड प्रथम तयार केला तो इंग्लंडमधील रसायनज्ञ जोसेफ प्रीस्टली याने, १७७२ मध्ये. त्यानंतर सुमारे पाव शतकाने ब्रिस्टल येथे डॉ. टॉमस बेडोझ यांनी वायूंच्या श्वसनाने रोग बरे होतात का हे पाहण्यासाठी ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’ नावाची संस्था काढली आणि तिथे हम्फ्री डेव्ही या विशीतल्या तरुणाने १७९९ मध्ये या वायूचे प्रयोग प्रथम स्वतःवर आणि मग मित्रमंडळींवर केले. कोलरिज आणि सदी हे कवीही त्या मंडळींत होते. अक्कलदाढेमुळे सुजलेल्या हिरडीची ठणक वायू हुंगताच ओसरते, हे डेव्हीने नोंदवले आणि १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ज्या शस्त्रक्रियांमध्ये फार रक्तस्राव होत नाही त्यांत या वायूचा उपयोग होऊ शकेल, असे स्पष्टपणे सुचवले. या सूचनेकडे एकाही शल्यचिकित्सकाने लक्ष दिले नाही, ही वैद्यकाच्या इतिहासातील मोठ्या दुर्दैवांपैकी एक गोष्ट म्हणावी लागेल, कारण पुढची चार दशके शुद्धीवर असलेल्या रुग्णांचे अवयव कापले जात राहिले आणि हा वायू केवळ जत्रांतून व सभागृहांतून करमणुकीसाठी वापरला गेला.

अशाच एका करमणुकीच्या कार्यक्रमात, १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे, वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली आणि तरीही त्याला वेदना जाणवली नाही, हे होरेस वेल्स या दंतवैद्याने पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्याने कार्यक्रमाचा चालक गार्डनर कोल्टन याच्याकडून स्वतः वायू घेतला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून आपली दाढ काढून घेतली. १८४५ च्या आरंभी बॉस्टन येथील जाहीर प्रयोगात मात्र रुग्ण ओरडला, वेल्सची नाचक्की झाली, आणि १८४६ मध्ये ईथरचा प्रयोग यशस्वी झाल्यावर हा वायू मागे पडला. वेल्सने १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात आत्महत्या केली. कोल्टनने १८६३ पासून दंतवैद्यकात वायूचे पुनरुज्जीवन केले, त्यानंतर तो दाबाखाली द्रवरूपात सिलिंडरमध्ये भरून मिळू लागला आणि दाताच्या दवाखान्यांत कायमचा स्थिरावला.

पुढील घटनाक्रम समजण्यासाठी त्या काळच्या वापराची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. आरंभीचे दंतवैद्य शुद्ध नायट्रस ऑक्साइड देत असत. त्यात ऑक्सिजन मिसळलेला नसे, त्यामुळे रुग्णाचा चेहरा निळा पडू लागण्यापूर्वी, म्हणजे एकदोन मिनिटांतच, दाढ उपटून मुखवटा काढावा लागे. शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी १८६८ मध्ये वायूत ऑक्सिजन मिसळण्याची पद्धत सुचवली, आणि तेव्हापासून तो अधिक वेळ सुरक्षितपणे देणे शक्य झाले. १९३३ मध्ये लिव्हरपूलच्या रॉबर्ट मिनिट यांनी प्रसूतीच्या वेळी स्त्रीला स्वतःच्या हाताने घेता येईल असे वायू व हवेचे यंत्र बनवले, आणि १९६१ मध्ये मायकेल टनस्टॉल यांनी निम्मा नायट्रस ऑक्साइड व निम्मा ऑक्सिजन यांचे तयार मिश्रण एकाच सिलिंडरमध्ये भरून प्रसूतिगृहांसाठी उपलब्ध केले. तेच पुढे ‘एन्टोनॉक्स’ या नावाने सर्वत्र प्रसिद्ध झाले. दाताच्या दवाखान्यातला, शस्त्रक्रियेतला आणि प्रसूतिगृहातला हा सगळा वापर मिनिटांचा किंवा फार तर काही तासांचा होता. या अवधीत वायू जे नुकसान करतो ते निरोगी शरीर काही दिवसांत भरून काढते, म्हणून सर्वांत निरुपद्रवी भूल अशी त्याची ख्याती झाली आणि ती त्या वापरापुरती खरीही होती.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे रोगाचा इतिहास जवळजवळ त्याच काळात सुरू होतो. वेल्सच्या प्रयोगानंतर पाच वर्षांनी, १८४९ मध्ये, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील टॉमस ॲडिसन यांनी एका विचित्र रक्तक्षयाचे वर्णन केले. रुग्ण सावकाश फिकट पडत जाई, थकत जाई, रक्तस्रावाचे किंवा अन्य रोगाचे कोणतेही कारण सापडत नसे आणि शेवट बहुधा मृत्यूतच होई. स्वित्झर्लंडमधील अँटोन बिर्मर यांनी १८७२ मध्ये दिलेल्या नावामुळे तो ‘पर्निशस ॲनिमिया’ म्हणजे घातक रक्तक्षय म्हणून रूढ झाला. पुढे पॉल अर्लिख यांनी या रुग्णांच्या रक्तात मोठ्या आकाराच्या, अपक्व केंद्रक असलेल्या पेशी ओळखल्या, ज्यांना मेगॅलोब्लास्ट म्हणतात. पेशींची वाढ होते पण केंद्रकातील डीएनए वेळेवर तयार होत नाही, म्हणून त्या अशा बेढब राहतात. १९०० मध्ये रिझियन रसेल, बॅटन आणि कॉलियर या लंडनच्या तीन वैद्यांनी या रोगाबरोबर येणाऱ्या मेरुरज्जूच्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यात मेरुरज्जूच्या मागील व बाजूच्या तंतुपट्ट्यांवरील मायलिन हे संरक्षक आवरण झडते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, अंधारात चालता येत नाही आणि शेवटी पाय लुळे पडतात.

या रोगावर उपाय सापडला तो औषधाच्या बाटलीत नव्हे, तर कसायाच्या दुकानात. बॉस्टनचे जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून त्यांचे प्राण वाचवल्याचे जाहीर केले, आणि जॉर्ज व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील गुणकारी द्रव्य १९४८ मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीतील कार्ल फोकर्स यांच्या गटाने आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोतील लेस्टर स्मिथ यांनी स्वतंत्रपणे लाल स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. तेच बी-१२ जीवनसत्त्व. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली, तेव्हा त्याच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू बसलेला आढळला. या धातूच्या अणूनेच पुढे नायट्रस ऑक्साइडचे रहस्य उघड केले.

याच प्रकरणाची एक महत्त्वाची शाखा मुंबईत वाढली आणि महाराष्ट्रातील वाचकांनी ती विसरू नये इतकी ती मोलाची आहे. इंग्लंडमधील रक्तविकारतज्ज्ञ ल्युसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरणगावातील गरीब कामगार स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांच्या रक्तातील पेशी घातक रक्तक्षयातील पेशींसारख्याच मोठ्या व अपक्व दिसत, परंतु त्यांच्यात मेरुरज्जूचा विकार नसे आणि त्यांच्या आहारात फळे, भाज्या व अन्य पोषक पदार्थ फारच तोकडे असत. माकडांवरील प्रयोगांनंतर विल्स यांनी यीस्टचा अर्क असलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त पदार्थ या स्त्रियांना दिला आणि त्यांचे रक्त झपाट्याने सुधारले. हे निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. मार्माइटमधला तो अज्ञात घटक काही काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला आणि पुढे तो फॉलिक ॲसिड असल्याचे सिद्ध झाले. एकाच प्रकारचा रक्तविकार दोन निरनिराळ्या जीवनसत्त्वांच्या अभावाने का व्हावा, हा प्रश्न मुंबईच्या त्या स्त्रियांमुळे वैद्यकापुढे उभा राहिला. १९४० च्या दशकात फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या मिळू लागल्यावर ते घातक रक्तक्षयाच्या रुग्णांनाही देऊन पाहण्यात आले, तेव्हा त्यांचे रक्त सुधारले पण चेतातंतूंचा विकार वाढत गेला. म्हणजे दोन्ही जीवनसत्त्वांची वाट कुठेतरी एकत्र येत होती आणि कुठेतरी फुटत होती. नेमके कुठे, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

हे उत्तर ज्या घटनेतून निघायचे होते ती १९५० च्या दशकात कोपनहेगनमध्ये घडली. १९५२ च्या पोलिओच्या साथीत तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या शेकडो रुग्णांना, भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने, श्वासनलिकेला छिद्र पाडून हाताने पिशवी दाबत कृत्रिम श्वास देण्यात आला होता. हीच पद्धत धनुर्वाताच्या रुग्णांसाठी वापरण्यात आली. धनुर्वातात स्नायूंना प्राणांतिक झटके येतात. ते थांबवण्यासाठी स्नायू शिथिल करणारे क्युरारे दिले जाई, आणि हालचाल करू न शकणाऱ्या पण शुद्धीवर असलेल्या रुग्णाला यातना होऊ नयेत म्हणून नायट्रस ऑक्साइड अखंड चालू ठेवला जाई, तोही मिनिटे किंवा तास नव्हे, तर कित्येक दिवस. वायूच्या शतकभराच्या इतिहासात एवढा दीर्घ वापर प्रथमच होत होता. रुग्णालयाचे प्रमुख एच. सी. ए. लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो अहवाल दिला तो धक्कादायक होता: धनुर्वातातून वाचू पाहणाऱ्या काही रुग्णांची अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी तयार करणारी हाडांतील मऊ ऊती, खचली होती, पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या होत्या आणि त्यातून मृत्यूही ओढवले होते. सर्वांत निरुपद्रवी मानला गेलेला वायू रक्तनिर्मितीच रोखतो, हे आता निर्विवाद झाले.

लासेन यांच्या निरीक्षणावरून लगेच एक तर्क केला गेला की, जो वायू पांढऱ्या पेशी कमी करतो तो रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल. १९५९ मध्ये लासेन आणि क्रिस्टेन्सेन यांनी दीर्घकालीन ल्युकेमियाच्या रुग्णांना वायू देऊन पेशी घटल्याचे नोंदवलेही, पण वायू थांबताच त्या पुन्हा वाढत. वायू असे का करतो, याचा शोध मात्र तिथेच रेंगाळला. १९६८ मध्ये आर. जी. एस. बँक्स, आर. जे. हेंडरसन आणि जे. एम. प्रॅट या रसायनज्ञांनी नायट्रस ऑक्साइड धातुयुक्त संयुगांवर काय परिणाम करतो हे तपासताना दाखवले की, बी-१२ मधील कोबाल्ट अणू ज्या वेळी इलेक्ट्रॉनांनी संपन्न अवस्थेत असतो त्या वेळी हा वायू त्याचे ऑक्सिडीकरण करतो. हा निबंध रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला आणि रुग्णालयांतील वैद्यांच्या वाचनात तो दहा वर्षे आलाच नाही असे दिसते. कोपनहेगनमधील मृत्यू आणि प्रयोगशाळेतील ही अभिक्रिया यांच्यामध्ये बारा वर्षांचे आणि दोन विद्याशाखांचे अंतर होते. ज्ञान उपलब्ध असूनही ते एका टेबलावर न आल्याने किती वर्षे वाया जातात, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

१९७८ या एकाच वर्षी हे धागे एकत्र आले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमधील जॉन एमेस आणि सहकाऱ्यांनी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर २४ तास नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजनचे मिश्रण घेतलेल्या रुग्णांची अस्थिमज्जा तपासली तेव्हा तिच्यात घातक रक्तक्षयातील मेगॅलोब्लास्टिक बदल सापडले, आणि डीएनए निर्मितीतील दोष बी-१२ च्या अभावासारखाच आहे हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. त्याच वर्षी रोझमेरी डीकन, इझ्राएल चॅनारिन आदी संशोधकांनी उंदरांमध्ये हा वायू बी-१२ निवडकपणे निष्क्रिय करतो हे सिद्ध केले. आणि सॅन फ्रान्सिस्कोचे चेतारोगतज्ज्ञ रॉबर्ट लेझर यांनी १५ रुग्णांची हकीकत मांडली: हातापायांत बधिरता, तोल जाणे, पायांत अशक्तपणा, मूत्र व मलाच्या नियंत्रणात बिघाड. लक्षणांवरून हा १९०० साली वर्णिलेला मेरुरज्जूचा विकारच वाटावा, पण यांतील १४ जण दंतवैद्य होते. १३ जण कमीअधिक काळ स्वतः वायू हुंगत असत. उरलेल्या दोघांना केवळ अपुरी हवा खेळणाऱ्या दवाखान्यात काम केल्यामुळे हा रोग जडला होता. रुग्णाची वेदना दूर करणारा हात असा स्वतःच बधिर झाला, ही या इतिहासातील सर्वांत हेलावणारी बाब आहे.

आता यंत्रणा स्पष्ट झाली. शरीरात मिथिओनिन सिंथेज नावाचे एक विकर आहे, ज्याच्या कामासाठी बी-१२ लागते. फॉलिक ॲसिडच्या एका रूपाकडे असलेला मिथाइल गट हे विकर उचलते, बी-१२ मधील कोबाल्टवर क्षणभर ठेवते आणि होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देऊन त्यापासून मिथिओनिन बनवते. या देवाणघेवाणीत कोबाल्ट एका क्षणी इलेक्ट्रॉनांनी संपन्न असतो आणि नेमक्या त्याच क्षणी नायट्रस ऑक्साइड त्याला गाठतो. कोबाल्टचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याबरोबर विकरही कायमचे निकामी होते, ते नव्याने घडवावे लागते. याचे परिणाम दोन दिशांनी होतात. फॉलिक ॲसिड मिथाइल रूपातच अडकून पडते, त्यामुळे डीएनएच्या घटकांची निर्मिती खुंटते आणि रक्तपेशी बेढब होतात. मुंबईच्या स्त्रियांमधील फॉलिक ॲसिडचा अभाव आणि ॲडिसन यांचा रोग रक्तात एकसारखे का दिसत, याचे उत्तर इथे मिळते. दुसरीकडे मिथिओनिनची टंचाई होऊन मायलिन टिकवण्यास लागणारे मिथाइल गट मिळेनासे होतात. १९८१ मध्ये डब्लिनचे जॉन स्कॉट, डॉनल्ड वेअर आणि सहकाऱ्यांनी माकडांना नायट्रस ऑक्साइड देऊन मेरुरज्जूचा हाच विकार घडवला आणि आहारात मिथिओनिन दिल्यास माकडे बचावतात हे दाखवले. दक्षिण आफ्रिकेत फलाहारी वटवाघळांवर झालेल्या प्रयोगांतही मिथिओनिनने संरक्षण झाले, तर फॉलिक ॲसिडने विकार बळावला. बी-१२ वापरणाऱ्या दुसऱ्या विकरावर वायूचा असा थेट आघात होत नाही, म्हणून जीवनसत्त्वाच्या दोन कार्यांपैकी कोणत्या कार्यातून कोणता विकार उद्भवतो, हे या वायूमुळेच वेगळे काढता आले. अन्यथा आहारातून हा अभाव घडवायला वर्षे लागतात, कारण शरीराला रोज सुमारे दोनच मायक्रोग्रॅम बी-१२ लागते आणि यकृतात त्याचा कित्येक वर्षांचा साठा असतो.

आघात किती वेगाने होतो हेही मोजण्यात आले. १९८८ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या यकृतावर केलेल्या अभ्यासात, वायू सुरू झाल्यावर या विकराची निम्मी क्रिया नष्ट व्हायला सरासरी ४६ मिनिटे लागतात असे आढळले. याचा अर्थ नेहमीच्या दोनतीन तासांच्या शस्त्रक्रियेतही विकराचा मोठा भाग नष्ट होतो. ज्याचा साठा पुरेसा आहे त्याला ते जाणवत नाही, पण ज्याचा साठा आधीच तळाला गेला आहे त्याच्यासाठी एक शस्त्रक्रियाही पुरते. घातक रक्तक्षयाच्या निदानासाठी ज्यांच्या नावाची चाचणी प्रसिद्ध आहे त्या रॉबर्ट शिलिंग यांनी १९८६ मध्ये अशाच दोन रुग्णांची नोंद केली: बी-१२ चा अभाव आधी ओळखला गेला नव्हता, शस्त्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड दिला गेला आणि त्यानंतर चेतासंस्थेचा बिघाड उघडा पडला. रोगाचे मूळ आधीच होते, वायूने त्याची गती वाढवली.

वायू त्याज्य ठरला नाही, आणि ठरण्याचे कारणही नव्हते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७११२ रुग्णांवरील ‘एनिग्मा-२’ या चाचणीत, मोठ्या शस्त्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड दिल्याने मृत्यू किंवा हृदयाच्या गुंतागुंतीचे प्रमाण वाढले नाही. प्रसूतिगृहातील व दंतवैद्यकातील अल्पकालीन वापर आजही योग्यच मानला जातो. नवे संकट आले ते दुसरीकडून: मलई फेसण्यासाठी विकल्या जाणाऱ्या नळकांड्यांतून हा वायू नशेसाठी हुंगण्याची सवय युरोपातील तरुणांत पसरली, लेझर यांनी वर्णिलेले रुग्ण पुन्हा रुग्णालयांत येऊ लागले आणि ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये नशेसाठी वायू बाळगणे हा गुन्हा ठरवला. अशा रुग्णांच्या रक्तातील बी-१२ ची पातळी पुष्कळदा सामान्यच भरते, कारण जीवनसत्त्व असते पण ते निष्क्रिय झालेले असते. म्हणून होमोसिस्टीनचे प्रमाणही तपासावे लागते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाला एक निकडीचा संदर्भ आहे. बी-१२ निसर्गात केवळ सूक्ष्मजीव तयार करतात आणि माणसाला ते मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळते, त्यामुळे शाकाहारी समाजात त्याची कमतरता मोठ्या प्रमाणावर असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांचे बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण आणखी जास्त होते. ज्या प्रदेशात एवढ्या लोकांचा साठा तळाला गेलेला आहे, तिथे शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन आणि साखर तपासण्याबरोबर आहाराची चौकशी व्हावी, पायांना मुंग्या येणाऱ्या, मोठ्या लाल पेशी आढळलेल्या किंवा वर्षानुवर्षे काटेकोर शाकाहार घेणाऱ्या रुग्णाचे बी-१२ पाहिले जावे, आणि ते कमी असेल तर दुसरी भूल निवडावी किंवा वेळ असल्यास आधी जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यावीत. ही चौकशी भूलतज्ज्ञाने करावीच, पण ती झाली नाही तर रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने ती माहिती आपण होऊन त्याच्या कानावर घालावी.